काट्यावरचा हिशोब: एकदा लिहायचा, तीन भाषांत चालवायचा

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या केळीचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, की वजन गुणिले दर हा एकच गुणाकार तीन ठिकाणी लागतो. काट्याजवळच्या संगणकावर जावाचं जेव्हीएम (जावाचे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा), शेतकऱ्याच्या मोबाइलवर ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरवर पीएचपी. सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्क गेलं तरी पावती निघायला हवी, म्हणून सगळं सर्व्हरवर ढकलता येत नाही. आणि तिन्हीकडे आकडा पैशापर्यंत जुळलाच पाहिजे.

यासाठी हॅक्स (Haxe) ही प्रोग्रामिंग भाषा उत्तम. निकोला कानास यांनी 2005 साली तिचं काम सुरू केलं. एकाच मूळ कोडमधून ती जावास्क्रिप्ट, पीएचपी, पायथन, सी प्लस प्लस, जेव्हीएम यांसाठी कोड काढून देते. एका एचएक्सएमएल फाइलमध्ये (हॅक्सची सूचना-फाइल) प्रत्येक भाषेसाठीच्या सूचनांचा तुकडा लिहायचा आणि दोन तुकड्यांमध्ये 'नेक्स्ट' टाकायचं. एका आज्ञेत तिन्ही तयार.

वाक्यरचना बदलण्याचं काम कंपायलर (हॅक्सचा कोड दुसऱ्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) चोख करतो. घोळ होतो तो आकड्यांत. वजन ग्रॅममध्ये आणि दर क्विंटलला पैशांत धरू, म्हणजे दशांशाची कटकट नाही. 10,000 किलो माल, दर 1,500 रुपये क्विंटल. 1,00,00,000 ग्रॅम गुणिले 1,50,000 पैसे म्हणजे 15 वर 11 शून्यं. त्याला 1,00,000 ने (क्विंटलमधले ग्रॅम) भागलं की दीड कोटी पैसे, म्हणजे दीड लाख रुपये. जावास्क्रिप्टमध्ये हेच उत्तर येतं, कारण तिथे 9,00,71,99,25,47,40,991 पर्यंतचे पूर्णांक अचूक राहतात. जेव्हीएमवर मात्र 'इंट', म्हणजे साधा पूर्णांक, 32 बिटांचा. गुणाकार 2,14,74,83,647 च्या वर गेला की वरचे बिट गळून पडतात, आणि त्याच मालाची पावती निघते 105 रुपये 64 पैशांची! एररही येत नाही. म्हणून हा एक गुणाकार आणि त्यामागचा भागाकार 'इंट64' मध्येच, म्हणजे 64 बिटांच्या पूर्णांकात, करायचा. जावास्क्रिप्टमध्ये इंट64 दोन 32 बिटी तुकडे जोडून चालतो, त्यामुळे हळू असतो. सगळीकडे वापरू नका. पण हंगामाची एकूण बेरीजही त्यातच ठेवा: 32 बिटांत पैसे मोजले तर 2 कोटी 14 लाख रुपयांच्या जरा पुढे आकडा उणे होतो.

राउंडिंग (आकडा जवळच्या पूर्णांकावर आणणं) स्वतः लिहा. पायथनचं मूळ फंक्शन 2.5 चे 2 करतं, जावास्क्रिप्टचं 3. हॅक्सचं स्वतःचं फंक्शन सगळीकडे सारखं वागतं, पण कुणी घाईत मूळ भाषेचं थेट बोलावलं की पैशाचा फरक पडलाच. त्यापेक्षा 1,00,000 ने भागण्याआधी 50,000 मिळवा. रक्कम उणे असेल तर चिन्ह बाजूला काढून हिशोब करा आणि शेवटी परत लावा.

गावांच्या नावांचंही तसंच. 'जळगाव' डोळ्यांना चार अक्षरं, युनिकोडमध्ये पाच चिन्हं, यूटीएफ-8 (मजकूर साठवायची पद्धत) मध्ये 15 बाइट. पीएचपीचं लांबी मोजणारं साधं 'स्ट्रलेन' 15 सांगतं, जावास्क्रिप्ट 5. पावतीवरचे रकाने लांबीवरून आखले तर ते वेडेवाकडे होणारच. रकान्याची मापं छपाईच्या कोडकडे सोपवा.

हिशोबाच्या गाभ्यात फाइल, नेटवर्क, तारीख, छपाई काहीही येऊ देऊ नका. ते प्रत्येक प्लॅटफॉर्मचं वेगळं, सशर्त कंपाइलच्या 'इफ' खाली (ठरावीक भाषेसाठीच कोड घेणारी अट) किंवा थेट त्या भाषेत. निघालेल्या कोडला हात लावू नका. पुढच्या वेळी कोड नव्याने काढला की तुमची दुरुस्ती पुसली जाते. गिटमध्येही (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) तो ठेवू नये, असं माझं मत.

चाचणीसाठी पंचवीस-तीस ओळींचा एकच तक्ता पुरतो: शून्य वजन, बरोबर अर्ध्या पैशाची कड, उणे कपात, दहा टनांचा ट्रक, तीन कोटींची बेरीज. तिन्ही प्रोग्रामांनी उत्तरं साध्या मजकुरात छापायची आणि फाइली 'डिफ'ने (दोन फाइलींतला फरक दाखवणारं साधन) ताडायच्या. छापण्याआधी नोंदी क्रमाने लावून घ्या, कारण मॅपमधल्या (नाव-किंमत जोड्यांची यादी) नोंदींचा क्रम प्रत्येक भाषेत सारखा येईल याची खात्री नसते, आणि नसलेली चूक शोधण्यात दिवस जातो.