पाऊस गेला की घर उघडतं

ऑक्टोबर हीट, ऑक्टोबर हीट म्हणून आपण अख्ख्या महिन्याला नावं ठेवतो ते मला अजिबात पटत नाही. ऊन असतं, मान्य आहे, पुण्यात दुपारी 32-33 पर्यंत पारा जातो, जमिनीत पावसाची ओल शिल्लक असते आणि वरून ढग गायब, त्यामुळे बारा ते चार नको होतं. पण ज्या मोकळ्या आभाळामुळे दुपार तापते ना, त्याच आभाळामुळे रात्री सगळी उष्णता वर निघून जाते आणि पहाटे चारच्या सुमाराला पायाशी पडलेली चादर झोपेतच ओढून घ्यावीशी वाटते. मे महिन्यात मिळतं का हे? आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू, आणि तो सगळा सकाळ-संध्याकाळचा ऋतू आहे. दुपारवरून त्याला नापास करायचं म्हणजे अन्यायच.

आणि मुख्य म्हणजे घर. चार महिने आपण घर बंद करून बसलेलो असतो. खिडक्यांना आतून टॉवेल लावलेले, कपडे पंख्याखाली, कपाट उघडलं की तो कुबट वास, मीठ ओलं, पापड सादळलेले, चामड्याच्या चपलांवर बुरशी. मग ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कधीतरी परतीचा पाऊस शेवटचा गडगडाट करून जातो आणि दुसऱ्या दिवशी जे ऊन पडतं ते बघूनच हात शिवशिवायला लागतात. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्यात आधी गोधड्या बाहेर येतात.

आमच्या गोधड्या सासूबाईंच्या आईने शिवलेल्या आहेत. वरचा थर नऊवारी लुगड्याचा, धुऊन धुऊन इतका मऊ झालेला की हात फिरवला तर कापड आहे की साय आहे कळू नये, आत जुनी धोतरं, एका गोधडीत तर कुणाच्या तरी शर्टाची पट्टी अजून दिसते, कडेला टाका उसवलाय तिथून. धावदोरा बाहेरून सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत गेलेला. एका ठिकाणी पांढरा दोरा संपून निळा सुरू होतो, मी दरवर्षी ती जागा बोटाने शोधते. गच्चीवर दोरीवर टाकल्या, मधे एकदा उलटल्या, काठीने झटकल्या की वास जातो. डांबर गोळ्या ठेवायच्या मी बंदच केल्यात, ऊन पुरेसं असतं. फक्त वेळ सांभाळावी लागते, साडेचार वाजले की सासूबाईंचा आवाज येतोच, "अगं उन्हं कलली, आण त्या आत, नाहीतर दव धरतील." आणि मी, "आणते हो आई" म्हणत धावते. त्या रात्री त्या गोधडीत अजून दुपारची ऊब असते. थंडी पडलेली नसतेच खरं तर, पण आम्ही सगळे पंखा चालू ठेवून गोधडी घेतो. मुलगा तर गोधडीसाठी मुद्दाम पंखा पाचवर करतो :)

मग शेंगा. ओल्या भुईमुगाच्या शेंगा याच दिवसात येतात, जूनमध्ये पेरलेल्या खरिपाच्या. माती लागलेल्या, कधी कधी पाल्यासकट. घरी आणल्या की बादलीत दोन-तीन पाण्यातून चोळून धुवायच्या, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग कुकरमध्ये बुडतील एवढं पाणी आणि मीठ जरा सढळ हाताने, कारण टरफलातून आत जायचंय त्याला. तीन-चार शिट्ट्या. महत्त्वाचं पुढे आहे, गॅस बंद केला की लगेच उपसायच्या नाहीत, तासभर तशाच पाण्यात राहू द्यायच्या, तेव्हा मीठ आत मुरतं. ज्या शेंगेत दाणा कोवळा राहिलेला असतो तिच्यात खारट पाणी भरलेलं असतं, ती चावून चोखायची, आमच्याकडे त्या शेंगांवरून भांडणं होतात. मधे पेपर अंथरलेला, सगळे भोवती बसलेले, टीव्ही चालू आहे पण कुणी बघत नाहीये, हे सुख भाजलेल्या दाण्यात नाही आणि हॉटेलच्या कुठल्या चाटमध्ये तर नाहीच नाही.

कोजागिरी तारखेने पुढेमागे होत राहते, 2024 ला 16 ऑक्टोबरला होती आणि 2025 ला 6 लाच आली, आणि या दहा दिवसांनी रात्र पार बदलते. लवकर आली तर अजून ढगांची भीती, उशिरा आली तर गच्चीवर शाल लागते. मला उशिराचीच आवडते. दूध मात्र तेच, म्हशीचं, जाड बुडाच्या पातेल्यात, मंद गॅसवर, कडेची साय परत आत ढकलत ढकलत आटवलेलं. केशर, वेलची, चारोळी, बदाम-पिस्त्याचे काप आणि शेवटी जायफळ, तेही अगदी दोनदा किसणीवर फिरवून, जास्त झालं की फक्त तेच लागतं. तयार मसाल्याचं पाकीट आणू नका हो प्लीज, त्यात साखर आणि रंगच जास्त असतो, घरी खलबत्त्यात कुटायला दहा मिनिटं लागतात आणि तो वास जिन्यापर्यंत जातो. आयुर्वेदात शरद म्हणजे पित्त उसळण्याचा काळ मानतात आणि त्यावर गार दूध चांगलं असंही सांगतात, सासूबाई म्हणूनच ते गरम पीत नाहीत, चांदण्यात ठेवून गार झालेलंच घेतात.

पारिजातकाबद्दल फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. एवढंच, की सकाळी दूध घ्यायला खाली गेलं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याचा सडा असतो आणि वॉचमनकाका गाड्या निघायच्या आत ती फुलं झाडून एका बाजूला करतात, चाकाखाली जाऊ नयेत म्हणून. त्यांना कुणी सांगितलेलं नाहीये.

आता सीताफळ, ज्याच्यासाठी खरं तर मी हा महिना मोजत असते. सासवड-पुरंदरकडची सीताफळं आमच्याकडे येतात, शिवाय बीडकडची असतात, बालाघाटच्या डोंगरातली, त्यांना 2016 मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. हल्ली बाजारात गोल्डन नावाची मोठी मोठी दिसतात, बार्शीच्या नवनाथ कसपटेंनी तयार केलेली जात, गर जास्त आणि बिया कमी, टिकतातही चांगली. शेतकऱ्याला त्याचे चार पैसे जास्त मिळतात तर चांगलंच आहे. पण चवीला मला आपलं जुनं बुटकं, बियांनी भरलेलंच लागतं, एकेक पाकळी तोंडात धरून बी वेगळी करायची आणि वाटीत टाकायची, त्याला वेळ लागतो आणि तो लागायलाच हवा. घेताना डोळे उघडलेलं बघून घ्यायचं, म्हणजे खवल्यांमधल्या रेषा रुंद आणि पांढरट-पिवळ्या झालेलं. ते कडक असलं तरी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं की एक-दोन दिवसात मऊ पडतं. डबा उघडून रोज दाबून बघणं हे काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं. बिया नीट फेकायच्या मात्र, त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, लहान मुलं असतील तर जास्त लक्ष ठेवा.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आपण साफसफाई, फराळाच्या याद्या, खरेदी यातच इतके गुंततो की या मधल्या वीस दिवसांना स्वतःचं असं काही आहे हे लक्षातच येत नाही. माझी एवढीच विनंती आहे, एक रविवार मोकळा ठेवा. सकाळी गोधड्या गच्चीवर, दुपारी पडदे ओढून झोप, संध्याकाळी शेंगा.

आणि रात्री सीताफळ रबडी करणार असाल तर दूध आटवून, साखर घालून, आधी पूर्ण गार करा, फ्रीजमध्ये तासभर ठेवलंत तर उत्तम, आणि गर मगच मिसळा. गर गॅसवर चढवला की कडवट होतो. बिया काढायला मिक्सर फिरवू नका, एखादी चुकून फुटली तरी सगळं वाया जातं, चाळणीवर हाताने घासून काढा, वेळ लागतो पण मुलांना बसवलं की होतं भराभर.