नाण्याचा उजेड

रोममध्ये पर्यटकांना चित्रं दाखवणं हा माझा व्यवसाय. देव मी मानत नाही. तरी कामाचा अर्धा दिवस चर्चमध्येच जातो, कारण इथली कित्येक थोर चित्रं संग्रहालयात गेलीच नाहीत. ज्या भिंतींसाठी काढली, तिथेच आहेत.

त्या दिवशी गटात भौतिकशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक होते. दारातच त्यांनी बजावलं, "मी नास्तिक. हात जोडणार नाही." म्हटलं, मीही जोडत नाही, टोपी तेवढी काढा.

सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये डावीकडच्या पाचव्या चॅपेलात, म्हणजे प्रार्थनेच्या छोट्या दालनात, काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची संत मॅथ्यू या येशूच्या शिष्यावरची तीन चित्रं आहेत. बाजूच्या भिंतींवरची दोन 1600 च्या सुमाराची, वेदीवरचं 1602 चं. पेटीत नाणं टाकलं की दिवे लागत, थोड्या वेळाने विझत. डाव्या भिंतीवरच्या चित्रात येशू मॅथ्यूला शिष्य व्हायला बोलावतो. मी त्याची नेहमीची कथा सुरू केली: करवसुली करणारा मॅथ्यू, मेजावरची नाणी, उजवीकडून आलेला येशू, त्याचा पुढे केलेला हात. तेवढ्यात दिवे गेले. मी खिसा चाचपतोय तोच शिक्षक म्हणाले, "थांबा जरा."

डोळे सरावायला वेळ लागला. मागे कुरकुर सुरू झाली.

"चित्रात खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाहीये," ते म्हणाले. "सावल्या बघा. उजेड उजवीकडून येतोय." मग ते गर्रकन वळले. समोरच्या भिंतीवर मॅथ्यूची हत्या; तिथे उजेड डावीकडून. म्हणजे दोन्हींत वेदीच्या बाजूने. आणि वेदीच्या वर चॅपेलची खरीखुरी खिडकी!

पुस्तकांत हे सगळं आहे. पण दिवे लावले की ते सांगावं लागतं. अंधारात ज्याचं त्याला दिसतं.

एक आजी येऊन कठड्याशी गुडघ्यांवर बसल्या. शिक्षक न सांगता बाजूला सरले. (चर्चमध्ये नास्तिकाकडून माझी एवढीच अपेक्षा असते. उगाच छातीवर क्रूसाची खूण करणारे मला जास्त खटकतात.) तिथूनच त्यांनी वेदीवरच्या चित्राकडे बोट केलं. मॅथ्यूच्या गुडघ्याखालचं स्टूल कलंडलंय, स्टुलाचा पाय कडेबाहेर आलाय. आत्ता खाली वेदीवर पडेल. याच जागेसाठी काढलेलं आधीचं चित्र नाकारलं गेलं होतं. ते पुढे बर्लिनच्या संग्रहालयात पोचलं आणि 1945 मध्ये नष्ट झालं.

संध्याकाळी अभिप्रायाचे कागद चाळले. शिक्षकांनी काहीच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, 'गाइडने दिव्यासाठी एक नाणं टाकायलाही कंजुषी केली.'