माझा अनुभव: गुलाबाचा जीनोम (म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए) जुळवताना

पहिला महिना नुसता डीएनए काढण्यात गेला. गुलाबाच्या पानात पॉलिफिनॉल (हवा लागताच तपकिरी पडणारी रसायनं) आणि शर्करा ठासून भरलेल्या. द्रव नायट्रोजनमध्ये वाटलेलं पान बफरमध्ये पडलं की मिश्रण तपकिरी व्हायचं आणि शेवटी नळीच्या तळाशी चिकट जेली उरायची. नॅनोड्रॉप या मोजयंत्रावर डीएनएचा आकडा भरघोस, पण अशुद्धी वगळून फक्त डीएनए मोजणाऱ्या क्युबिटवर त्याच्या निम्माही नाही. मग झाड २ दिवस अंधारात ठेवून अगदी कोवळी, तांबूस पानं खुडली, पॉलिफिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी वाढवलं आणि आधी केंद्रकं वेगळी करून मगच फोडली. एके सकाळी नळी तिरकी केली, तर आत स्वच्छ पांढरा धागा तरंगत होता! लांब रेणू तुटू नयेत म्हणून तो रुंद तोंडाच्या टिपने, श्वास रोखून उचलला.

हायफाय रीड, म्हणजे यंत्राने अचूक वाचलेले डीएनएचे लांब तुकडे, १५ ते २० हजार अक्षरांचे आले. असेंब्ली, म्हणजे त्या तुकड्यांची जुळणी, एका रात्रीत झाली, पण गुलाबाचा एका पालकाकडून आलेला संच साधारण ५० कोटी अक्षरांचा असताना आमची बेरीज जवळजवळ दुप्पट. एरवी एकेकदाच सापडायला हवीत अशी जनुकं मोजणाऱ्या बस्कोच्या तपासणीत बहुतेक जनुकं दोनदा. मी तो दोष धरला आणि जादा प्रती गाळल्या. ७ गुणसूत्रं नीट बसली, मी खूश.

२०१८ साली ‘ओल्ड ब्लश’ या गुलाबाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा संशोधकांनी हा गुंता टाळायला दोन्ही प्रती एकसारख्या असलेल्या पेशी मुद्दाम तयार केल्या होत्या. आमचं झाड मात्र दोन वेगळ्या पालकांचं, तेही वर्षातून एकदाच फुलणारं.

म्हणून बहर रोखणारं केएसएन जनुक उघडून पाहिलं. निम्मे रीड सरळ पलीकडे जात होते, उरलेले सगळे एकाच अक्षरावर तुटत होते. मी गाळलेली प्रत हीच!

हाय-सीची माहिती (डीएनएचे कोणते भाग केंद्रकात जवळजवळ असतात ती) जोडून असेंब्ली पुन्हा लावली, या वेळी दोन्ही संच वेगळे ठेवून. १४ गुणसूत्रं मिळाली. एका संचात केएसएन अखंड, दुसऱ्यात त्याच्या मधोमध कोपिया हा सुमारे ९ हजार अक्षरांचा उडता तुकडा घुसलेला. बारमाही गुलाबांत सापडतो तोच. अखंड प्रत एक जरी असली तरी ती बहर आवरून धरते, त्यामुळे झाडाकडे पाहून हे कधी कळलंच नसतं.

आता त्याचा बारमाही गुलाबाशी संकर केलाय. फळं धरलीत. हिशोबाने निम्मी रोपं वर्षभर फुलायला हवीत.