'जय हे' मध्यमावर थांबतं तेव्हा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

काल डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या भारतीय महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. राष्ट्रगीतालाही ५२च सेकंद लागतात. योगायोगच, पण आज दिवसभर मन त्या ५२ सेकंदांपाशी घुटमळतंय. एकही चेंडू पडलेला नसतो, तरी घसा का दाटून येतो?

बरंचसं उत्तर चालीत आहे. पहिली ओळ षड्जावरून, म्हणजे 'सा'वरून, निघून गंधारावर ('ग'वर) रेंगाळते. एकाच स्वरावर इतके शब्द येतात, की ज्याला गाता येत नाही त्यालाही बोलल्यासारखं म्हणता येतं. 'विधाता'ला मंद्र निषाद (खालच्या सप्तकातला 'नी'), आणि शेवटाकडे पहिल्या 'जय हे'ला थेट तार षड्ज (वरच्या सप्तकातला 'सा'). एवढाच आवाका, सप्तकाहून जेमतेम जास्त. मग पुढचे दोन 'जय हे' खाली उतरतात आणि 'जय जय जय जय हे' पुन्हा मध्य षड्जापासून चढत मध्यमावर ('म'वर) थांबतं. षड्जावर टेकतच नाही! आपल्या कानाला 'सा'वर विसावायची सवय, त्यामुळे काहीतरी अधांतरी राहतं. नेमक्या त्याच क्षणी स्टँडमधून आरोळी उठते. माझ्या मते चालीचा राहिलेला शेवट ती आरोळीच पुरा करते.

बिघडतं ते बहुधा पट्टीमुळे, म्हणजे 'सा' किती उंच धरला त्यामुळे. गायिकेने काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी) धरली की तो तार षड्ज पुरुषांच्या गळ्याबाहेर जातो आणि ऐन 'जय हे'ला सूर सुटून नुसता ओरडा उरतो. काळी एक धरावी. पुरुष आणि बायका एका सप्तकाच्या अंतराने आरामात गातात.

दुसरी अडचण अंतराची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरचा स्टँड १७० मीटरवर असेल तर तिथले सूर अर्धा सेकंद उशिरा पोचतात. त्यांच्या मागे गेलं की लय ओढली जाते, म्हणून कान जवळच्या स्पीकरकडेच ठेवायचा. बँड असेल तर आधी ड्रमचा घुमारा होतो, सावकाश संचलनाच्या सात पावलांइतका. तेवढ्यात उठून, श्वास भरून तयार राहता येतं.

'वंदे मातरम्'ला ही अडचण जाणवत नाही. ४ जुलै २०२४ ला वानखेडेवर टी-ट्वेंटीचे विश्वविजेते मैदानात फिरताना प्रेक्षकांबरोबर रहमान यांच्या चालीत गात होते. शब्द दोनच आणि स्वर लांबवलेले, त्यामुळे अर्ध्या सेकंदाची मागेपुढे त्यात विरघळून जाते.

पदकाच्या व्यासपीठावर मात्र शब्द नसतात, नुसती धून वाजते. खेळाडूचे ओठ तेवढे हलताना दिसतात. शिवाय वाजतं ते सुवर्णविजेत्याच्याच देशाचं. कांस्यपदकाला फक्त झेंडा चढतो. १९५२ मध्ये हेलसिंकीहून कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले, तेही कांस्यच. कुस्तीच्या त्या वजनगटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीचं होतं. एकट्या भारतीय खेळाडूसाठी ऑलिंपिकमध्ये 'जन गण मन' पहिल्यांदा वाजलं ते ११ ऑगस्ट २००८ ला, बीजिंगमध्ये, अभिनव बिंद्रासाठी. मधे ५६ वर्षं गेली होती.