मांड्या भरून आल्यात, तेल रगडून द्या

वस्ताद पोराला घेऊन आले ते मे महिन्यातल्या भर दुपारी. पोरगा 19 वर्षांचा, मॅटवरच्या कुस्तीत राज्य पातळीपर्यंत खेळलेला. परीक्षेमुळे काही आठवडे तालीम सुटली होती आणि निवड चाचणी तोंडावर आली होती. माझ्या क्लिनिकचा जिना चढताना त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

"मॅडम, पोराच्या मांड्या भरून आल्यात. एवढं तेल जरा जोरात रगडून द्या," म्हणत वस्तादांनी टेबलावर बाटली ठेवली. पोराच्या मामानं ऑनलाइन मागवलेली. लेबलवर विजयाच्या पानांचा अर्क, 'फुल स्पेक्ट्रम', आणि खाली बारीक अक्षरांत कापूर, मेंथॉल, गंधपुरा.

मी क्रीडा फिजिओथेरपिस्ट. अशा बाटल्या हल्ली वरचेवर येतात. पैलवानच नव्हे, फुटबॉलवाले आणि सायकलवालेही विचारतात. विजया म्हणजे भांगेचं झाड. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचा फुलोरा. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांच्या अर्काची आयुर्वेदिक औषधं परवाना घेऊन बनवता येतात. इथवर मामाचं काही चुकलं नव्हतं. पण खेळाडूला आणखी एक नियमावली लागू असते. खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या 'वाडा' या जागतिक संस्थेनं 1 जानेवारी 2018 पासून निषिद्ध यादीतून सीबीडी, म्हणजे भांगेतला नशा न आणणारा घटक, तेवढा वगळला. नशा आणणाऱ्या टीएचसीसह बाकीचे सगळे कॅनाबिनॉइड, म्हणजे या झाडातले आणि त्यांच्यासारखे बनवलेले घटक, स्पर्धेच्या काळात आजही बंद आहेत, आणि तो काळ आदल्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी सुरू होतो. फुल स्पेक्ट्रम म्हणजे झाडातलं सगळंच थोडं थोडं.

चोळलेलं तेल बहुतेक कातडीच्या वरच्या थरातच राहतं, रक्तात फार कमी उतरतं, हे खरं. लघवीतल्या टीएचसीसाठी 150 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी मर्यादाही आहे. त्यामुळे एकदा चोळलं म्हणून कुणी पकडला जाईल असं मी म्हणत नाही. पण पैलवानाची कातडी जागोजागी सोललेली असते, त्यावर शेक आणि रोजची मालीश. लेबलवर तरी किती विसंबायचं? 2022 मध्ये अमेरिकेत अंगाला लावायच्या 105 सीबीडी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या 37 मध्ये टीएचसी निघालं, आणि या 37 पैकी 4 वर 'टीएचसी नाही' असं छापलेलं होतं. नमुना सदोष आला तर 'मालीश करणाऱ्यानं लावलं होतं' हे उत्तर चालत नाही. अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. कारकीर्द त्याची पणाला लागते, तेल लावणारा हात बहुतेकदा सुटतो. मला हे फार लागतं.

वस्ताद मन लावून ऐकत होते. हौद्याच्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल मुरवणाऱ्या माणसाला अंगाला काय लागतं याची कदर असतेच. पण बोलताना माझा हात पोराच्या मांडीवर होता आणि हाताला काहीतरी वेगळंच लागत होतं.

मेहनतीनं धरलेला स्नायू दुखतो, पण दाबला तर दबतो. याच्या मांड्या फुगून टणक झाल्या होत्या, कातडी ताणून तुकतुकीत. गुडघा पुरता वाकेना. बसल्या जागी पाय सरळ कर म्हटलं तर अर्ध्यातच थरथरून खाली आला.

"बैठका किती मारल्यास?"

"परवा हजार. मग सपाटे."

"पाणी?"

"वजन उतरवायचं म्हणून तोडलंय."

"हे तेल आधी लावलंयस?"

"काल सकाळपास्नं लावायलोय. गार वाटतंय, पर उतरंना."

"लघवीचा रंग कसा आहे?"

त्यानं आधी वस्तादांकडं बघितलं. "कोऱ्या चहागत. कालपास्नंच."

मी मालीश करणार नाही, आत्ता दवाखान्यात न्या, असं सांगितल्यावर वस्ताद बिथरले. "अवो, पाय धरत्यातच की. दोन दिसांत सुटतंय." त्यांचा अनुभव खोटा नव्हता, शंभरातल्या नव्व्याण्णव पोरांचं तसंच होतं. म्हणून वाद न घालता मी पोराला पांढरा कागदी कप दिला. कपातला रंग बघितल्यावर वस्ताद एवढंच म्हणाले, "गाडी काढतो."

याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सवय मोडलेल्या स्नायूवर एकदम मोठा भार पडला की त्याचे तंतू फुटतात आणि आतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येऊन मूत्रपिंडावर जातं. बैठकीत खाली बसताना मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतो, इजा तिथेच जास्त होते. त्यात मे महिन्याचं ऊन आणि तोडलेलं पाणी. अशा मांडीवर जोर लावून मालीश करणं म्हणजे फुटलेल्यात आणखी फोडणं. संध्याकाळी रिपोर्ट आला: स्नायू फुटला की रक्तात वाढणारं सीपीके चाळीस हजारांच्या वर. एरवी ते शे-दोनशेच्या आसपास असतं. मूत्रपिंडाचा त्रास दाखवणारं क्रिएटिनिनही चढलेलं. सलाइनवर ते उतरत गेलं, डायलिसिस लागलं नाही.

तेलानं हा आजार झाला नाही, हे मी मामालाही फोनवर सांगितलं. पण त्या गारव्यानं पोराला दीड दिवस थांबवलं. गारवा मेंथॉल आणि कापराचा; विजयाचा गुण म्हणून तो खपतो. सीबीडीच्या जेलनं उंदरांच्या सांध्यांची सूज उतरल्याचं 2016 च्या एका प्रयोगात दिसलं आहे. माणसाच्या मेहनतीनं धरलेल्या स्नायूवर ते चोळून गुण येतो याला मात्र आजवरचा पुरावा तुटपुंजा आहे.

रिपोर्ट नीट झाल्यावर पोरानं हळूहळू मेहनत सुरू केली. निवड चाचणी त्या वर्षी हुकलीच. वस्ताद मधे येऊन गेले. तालमीत आता मालीशच्या आधी पोरांना लघवीचा रंग विचारतात, असं म्हणाले. मग पिशवीतून तीच बाटली काढून विचारलं, "आता तर चालंल न्हवं?"

डोपिंग चाचणी होऊ शकते अशा कुणालाही मी हे लावणार नाही, लेबलवर काहीही असो, असं मी सांगितलं. गुडघेदुखीच्या एखाद्या आजींना वैद्यांनी लिहून दिलं तर माझी हरकत नाही.

"मग पोरांना काय लावायचं?"

"तिळाचं तेल लावा, वस्ताद. आणि पाणी तोडू देऊ नका."