पिठातून वीज

शुक्रवारी लेकीच्या दप्तरातून चिठ्ठी निघाली. सोमवारी विज्ञानाचा प्रकल्प, विषय वीज, साहित्य शक्यतो घरातलं. इकडच्या शाळा मुलांना प्रकल्प देतात आणि आईबापांना गृहपाठ. (तिकडे भारतातही तेच म्हणा.)

तारांऐवजी मुलांच्या खेळातल्या मऊ पिठाच्या गोळ्यांतून वीज खेळवायची आणि एलईडी पेटवायचा, असा बेत ठरला. मिनेसोटातल्या सेंट थॉमस विद्यापीठात अ‍ॅनमेरी थॉमस यांनी मुलांसाठी ही युक्ती बसवली, तिचं नाव 'स्क्विशी सर्किट्स'. पीठ विकत मिळतं, पण चिठ्ठीतला 'घरातलं' हा शब्द लेकीने बोट ठेवून दोनदा वाचून दाखवला.

पहिला घाणा फसला. मैदा, मीठ, गार पाणी एकत्र मळलं तर सगळं बोटांनाच. व्हिडिओ कॉलवर आई शांतपणे बघत होती. म्हणाली, "अरे, कच्चंच काय मळतोयस? शिजव ते." एवढं सांगून चष्मा पुसायला गेली.

मग जाड बुडाच्या पातेल्यात १ कप पाणी, १ कप मैदा, पाव कप मीठ, ३ मोठे चमचे क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पूड) आणि १ मोठा चमचा तेल घेतलं. क्रीम ऑफ टार्टर नसेल तर ९ मोठे चमचे लिंबाचा रस चालतो. मध्यम आचेवर हलवत राहायचं. बराच वेळ नुसती गुठळ्यांची खळ दिसते, हात भरून येतो, आता हे टाकावंच लागणार असं वाटतं. आणि मग अचानक सगळं कडा सोडून मधोमध गोळा होतं. मैद्यातल्या स्टार्चचे कण तापून फुगतात, पाणी पिऊन घेतात, म्हणून चिकटपणा जातो. निवल्यावर वर आणखी अर्धा कप मैदा लागेल तसा भुरभुरून मळलं. पीठ असं झालं की मीच अर्धा तास खेळत बसलो.

यात वीज वाहते ती मिठामुळे. पाण्यात मिठाचे सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात, तेच वीज वाहून नेतात. घरात कुत्रं असेल तर मात्र हे पीठ त्याच्या तोंडी लागू देऊ नका, एवढं मीठ त्याला विषासारखं.

दोन गोळे, मध्ये फट, बॅटरीची एकेक बाजू एकेका गोळ्याला जोडलेली, एलईडीचा एकेक पाय एकेका गोळ्यात, लांब पाय बॅटरीच्या धन बाजूच्या गोळ्यात. ९ व्होल्टची बॅटरी थेट एलईडीला लावली तर तो जळतो. इथे पिठाचा विरोध त्याला वाचवतो. लाल दिवा लागला. लेकीला ती फट काही आवडेना. तिने दोन्ही गोळे दाबून एक केले. दिवा गेला.

"बाबा, मोडलं!"

मी काही बोललो नाही. तिने गोळा ओढून पुन्हा वेगळा केला, दिवा आला. जोडला, गेला. पाच-सहा वेळा. मग म्हणाली, "विजेला सोपा रस्ता मिळाला की ती दिव्यातून जातच नाही."

फट बुजवायला आम्ही मीठ न घालता साखरेचं पीठ केलं, तेही डिस्टिल्ड पाण्यात, कारण नळाच्या पाण्यातही क्षार असतात. त्यातून वीज जवळजवळ जातच नाही. रात्री अकराला आईला फोटो पाठवला. उत्तर आलं, "पातेलं भिजत घातलंस का?"