तुम्ही विचारलंत म्हणून: बाडमेरला भीती नाही वाटली?

राजस्थानात पाकिस्तानच्या सीमेजवळ, बाडमेरला तीन वर्षं होते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "बॉर्डरवर राहायची भीती नाही वाटली?" मला नाही वाटली. शेजारच्या सोढीजींना मात्र वाटायची, व्हिसा नाकारला जाण्याची.

2008 साली बँकेतली बदली झाली आणि जुन्या गावात, गढमंदिराच्या टेकडीखाली खोली मिळाली. शेजारचं घर राठोडांचं. तिकडे सुनेला माहेरच्या कुळीवरून हाक मारतात, म्हणून त्या सोढीजी. माहेर उमरकोटकडचं, म्हणजे पाकिस्तानात. सोयरीक फाळणीआधीची म्हणावी, तर बाई माझ्याहून लहान! मग कळलं, तिकडचे सोढे राजपूत सगळे एकाच कुळीचे, आपसांत लग्न चालत नाही. त्यामुळे मुली अलीकडच्या राठोड-भाटी घरांत द्यायची रीत आजही आहे.

बाडमेरचा बाजार पूर्वी सिंधकडे तोंड करूनच बसलेला. जोधपूरहून सिंधला जाणारी रेल्वे इथूनच जायची. फाळणीत गडरा शहर पलीकडे गेलं, त्याच्या नावाचं गडरा रोड स्टेशन अलीकडे राहिलं. 1965च्या युद्धात, 9 सप्टेंबरला, तिथे सैन्याला रसद पोचवताना 17 रेल्वे कर्मचारी मारले गेले. दर वर्षी त्या दिवशी रेल्वेची माणसं तिथे जमतात. त्या युद्धापासून सिंधची गाडी बंद पडली ती 41 वर्षं. 1971मध्ये आपल्या सैन्याने सिंधमधल्या छाछरोपर्यंतचा मुलूख घेतला, सिमला करारानंतर परत दिला, पण तिथून आलेली कितीतरी कुटुंबं इथेच राहिली. आमच्या बँकेत खातं उघडायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचं जन्मगाव विचारलं की अर्ध्या वेळा पलीकडचं निघायचं.

18 फेब्रुवारी 2006ला पाकिस्तानला जाणारी थार एक्स्प्रेस सुरू झाली. आठवड्यातून एकदा. पण ती बाडमेरला थांबायची नाही! सोढीजींना आधी उलट्या दिशेला दोनशे किलोमीटर जोधपूरला जावं लागे, तिथे गाडीत बसायचं आणि रात्रीतून आपल्याच गावावरून न थांबता मुनाबावला, सीमेवरच्या स्टेशनला. एकदा त्या माहेरी निघाल्या, त्या पहाटे त्यांची दोन्ही मुलं गच्चीवर उभी होती, मीही होते. अंधारात खिडक्यांची पिवळी रांग सरकत गेली. आई कुठल्या डब्यात, कळायला मार्ग नव्हता. धाकटी तरी शेवटच्या डब्यापर्यंत हात हलवत राहिली.

परतताना भावाने त्यांना अजरक, म्हणजे ठशांनी छापलेली सिंधी चादर, दिली होती. गल्लीच्या टोकाला खत्री छापेकाका होते, त्यांची घराणीही मूळची सिंधचीच. त्यांनी ती उन्हात धरली, उलटून पाहिली. चांगली अजरक दोन्ही बाजूंनी छापतात, फुलावर फूल बसावं लागतं. निळ्या भागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पाणी सिंध रो है." ठसे तेच, नीळ तीच, पण कापड ज्या पाण्यात धुतलं जातं त्यावर रंग ठरतो, हे मला त्या दिवशी समजलं. काकांनी घडी घालून परत द्यायला बराच वेळ लावला.

ऑगस्ट 2019मध्ये गाडी पुन्हा बंद झाली. सोढीजींचा दिवाळीला फोन येतो. धाकटी आता कॉलेजात आहे. आजीला तिने फक्त मोबाइलवर पाहिलंय.